चपला काढून येणारा चोर

सारं जग कचरा घराबाहेर टाकतं, आणि कुंताबाईंची थोरली नात इला बाहेरचा कचरा पोत्यात भरून घरात आणत होती! तोही साधासुधा कचरा नाही. सागाचा, पळसाचा, धावड्याचा कुजका पाला, त्यात माती, त्या मातीत गोमी, कोळी, वाळवी आणि मुंग्याच मुंग्या. हा ऐवज ती जाळीच्या पिशव्यांत भरायची आणि पिशव्या टांगायची कुठे? तर ओसरीवर, कुंताबाईंच्या वड्या वाळतात त्या खाटेच्या बरोब्बर शेजारी! पाला सुकू लागला की आतले किडे ओलावा शोधत खाली उतरायचे आणि पिशवीखालच्या बाटलीत टपकन पडायचे. मग वर्ध्याच्या कॉलेजात एम. एस्सी. करणारी ही घोडनवरी चिमट्याने एकेक मुंगी उचलून भिंगाखाली धरायची. आणि हसायची! एकटीच!

"पोट्टीचं डोक्सं फिरलं!" कुंताबाई म्हणाल्या. "लोकाईच्या नाती दिवाळीले घरी येतात, करंज्या वळतात. ही मुंग्याईच्या तंगड्या मोजून राह्यली!"

"आजी, मुंगीला तंगड्या सहाच असतात. मोजायच्या कशाला?" मिहिर म्हणाला. हा नातू सिंदी रेल्वेहून सुटीला आला होता, आणि आल्यापासून त्याचं तोंड बंद झालं नव्हतं.

"तू चूप रे! तुह्या दोनच हायेत, त्या जाग्यावर ठेव. साखरेच्या डब्याकडे काऊन वळतात त्या?"

"मी नाही घेतली साखर!"

"मग ऋग्वेदनं घेतली."

ऋग्वेद हा नागपूरचा नातू. शहाणा, सरळ, चष्मेवाला. त्याचा चष्मा घाबरून नाकावर घसरला. "आजी, मी तर चहासुद्धा बिनसाखरेचा पितो!"

"म्हनूनच संशय येते!"

कुंताबाईंचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. दिवाळी सरली तरी साखरेचा डबा रोज खाली जात होता. कणकेचा डबाही. त्यात अंगण झाडायचा खराटा नाहीसा झालेला. कुंताबाई दोन यत्ता शिकलेल्या. पण गिरडच्या डोंगराकडच्या त्या गावात त्यांच्यासारखी घरावर नजर ठेवणारी बाई नाही, असा त्यांचा लौकिक. वांग्याच्या वाफ्यातलं एक फळ कमी झालं तरी त्यांना कळायचं. आणि आता अख्खा खराटा सापडेना! हे काय गौडबंगाल आहे, काही उमगत नव्हतं.

"वहिनी, पुराव्याशिवाय आरोप करू नये," पेपराच्या आडून बापूराव बोलले. बापूराव म्हणजे कुंताबाईंचे धाकटे दीर. आर्वीला एका कचेरीत हेडक्लार्क होते. नोकरी संपली, पण कचेरी काही जिभेवरून उतरली नाही. देवाचं नाव निघालं की म्हणायचे, "अंधश्रद्धा!" आणि प्रसादाला पहिला हात त्यांचाच.

"तुमी त बोलूच नका! पहाटी आंघोळ करून कुठं जाता, चहाबी न घेता?"

"प्रकृतीसाठी फिरायला," बापूराव म्हणाले आणि पेपर आणखी वर केला.

इतक्यात इला फाटक ढकलून आत आली. गाल ओले! ह्या पोरीला लहानपणी विंचू चावला तेव्हाही रडताना कुंताबाईंनी पाहिलं नव्हतं.

"काय झालं वो बाई?"

"माझा चौकोन कुणीतरी झाडून टाकला!"

"काय झाडून टाकला?"

इलाची धाकटी बहीण खुशी धावत आली. दहा वर्षांची, पण डोळे घारीचे. तिने ताईला पाणी दिलं आणि सगळ्यांना समजेल असं एकेक विचारून घेतलं. हकिगत अशी होती. नाल्यापलीकडे जंगलाचा उतार आहे. तिथे इलाने वर्षापूर्वी जमिनीचे तीन चौकोन आखले होते. त्यांतला पाला कुणी हलवायचा नाही, जाळायचा नाही. मधून मधून त्यातला थोडा आणून त्यात कोण कोण राहतं ते पाहायचं. शनिवारी शेवटचा पाला आणायचा की काम संपलं. आणि आज शुक्रवारी पाहते, तर एका चौकोनात पान म्हणून उरलं नव्हतं!

"उरलेले दोन उद्यापर्यंत टिकले तर निभेल," इला डोळे पुसत म्हणाली. "तेही गेले, तर माझं सबंध वर्ष वाया. पुन्हा पहिल्यापासून!"

कुंताबाई गोंधळल्या. सोनं चोरतात, बैल चोरतात, शेतातली मोटर चोरतात. पाला कोण चोरतं? पण आपल्या घरच्या लेकराची वस्तू, मग ती कचरा का असेना, दुसऱ्याने उचलावी? त्यांनी काठी घेतली.

"चाला रे पोट्टेहो! पाहू त खरं, कोन हाय थो!"

नाला ओलांडला की सागाचं रान लागतं. पावसाळ्याची ओल अजून जमिनीत होती. पाल्यावर पाय पडला की गादीवर पडल्यासारखा दबत होता. मिहिरने एक मोठं पान उलटलं, तर खालून एक गोम सुळकन पळाली, एक कोळी पोटाशी अंड्यांची पांढरी पुडी धरून थबकला, आणि टाचणीच्या डोक्याएवढे किडे टणाटण उडाले!

"बापरे! एका पानाखाली एवढी वस्ती!"

"होतं तसं ठेव ते. घर आहे त्यांचं," इला म्हणाली.

चौकोन आला. चारी कोपऱ्यांना चार केशरी दगड, भोवती लाल नाडा ताणलेला. कुंताबाईंनी काठी बगलेत धरली, दोन्ही हात जोडले आणि मग पुढे झाल्या. मिहिर फिस्सकन हसला. का हसला, ते कुंताबाईंना कळलं नाही. पोट्टं तसंही उगीच हसतं.

आतली जमीन लख्ख होती. पाला नाही, काडी नाही. मातीवर वाटोळे वाटोळे ओरखडे.

"सातभाई पक्षी!" मिहिर म्हणाला. "ते पाला उधळतात. मी पाहिलंय!"

"रानडुक्कर असेल," ऋग्वेद म्हणाला.

"डुकराच्या हाती खराटा पाह्यला काय कधी?" कुंताबाईंनी काठीने ओरखडे दाखवले. "हे झाडल्याचे वळ हायेत. हातबी सवयीचा नाई. कोपरे तसेच सोडले, माणसानं!"

पण जंगल झाडायला कोण येतं? आणि का?

इलाने जमिनीत तोंडापर्यंत पुरलेला प्लॅस्टिकचा पेला बाहेर काढला. चालता चालता त्यात पडतील ते किडे मोजायची ही तिची युक्ती. पेल्यात नुसत्या काळ्या मुंग्या, सगळ्या एकाच जातीच्या!

"हे तर आणखीच विचित्र!" ती म्हणाली. "ह्याच पेल्यात मला कितीतरी जातींच्या मुंग्या मिळायच्या. बाकीच्या गेल्या कुठे?"

"आजी, इकडे बघ!" ऋग्वेद गुडघ्यांवर बसला होता. मातीत पांढरी भुकटी सांडलेली, आणि त्याच काळ्या मुंग्यांची त्यावर झुंबड. त्याने बोट लावून चाखायला नेलं. कुंताबाईंनी त्याच्या मनगटावर फटका मारला आणि स्वतः चाखलं.

"कनिक. आन् साखर!"

"म्हणजे मी सुटलो!" मिहिर ओरडला.

"गोड सापडलं की ही दांडगी जात येते आणि बाकीच्यांना हाकलून लावते," इला म्हणाली. "पण इथे साखर टाकली कुणी?"

"मुंग्याईले कनिक-साखर त पुण्यासाठी घालतात," कुंताबाई म्हणाल्या. "पन पुण्य करनारा चोरी काऊन करते? आन् चोर पुण्य काऊन करते? माह्यं त डोक्सं चालेनासं झालं, बाई!"

खुशी मात्र जमिनीकडे पाहत चौकोनापासून लांब लांब जात होती. एका ओल्या जागी ती थांबली.

"ताई! आजी! इथे या! पण ह्या बाजूने!"

ओल्या मातीत दोन चपलांचे ठसे होते. चालण्याचे नव्हेत, शेजारी शेजारी, नीट जोडून ठेवलेल्या चपलांचे. आणि तिथून चौकोनापर्यंत अनवाणी पावलं, मोठ्या माणसाची.

"चोर चपला काढून येतो?" मिहिरचा आ वासला.

"आवाज होऊ नये म्हणून," ऋग्वेद म्हणाला.

"ह्या पाल्यात अनवाणी चाललं तरी चुरचुर वाजतंच की!" खुशीने कुंताबाईंकडे वळून विचारलं, "आजी, तू चपला कुठे कुठे काढतेस?"

"हे काय इचारनं झालं? घराच्या दारात. नाईतर देवापुढं."

"आणि मघाशी तू हात का जोडलेस?"

"मी? मी काऊन जोडीन?"

"जोडलेस!" तिघंही एकदम ओरडले.

कुंताबाई काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर त्या चार दगडांवर गेली. केशरी, चकचकीत. भोवती लाल नाडा. आणि मघाचं सगळं एकदम त्यांच्या ध्यानात आलं. हात आपोआप गेले होते!

"अवं माय! हा त शेंदूर!"

"शेंदूर कुठला, आजी! ऑइलपेंट आहे!" इला म्हणाली. "पाल्यात दगड सापडत नव्हते, म्हणून मी रंगवले. आणि लाल नाडा लांबून दिसतो म्हणून..." ती बोलता बोलता थांबली. तिचा हात तोंडावर गेला.

"म्हणजे चोर नाहीच!" खुशी उड्या मारू लागली. "कुणीतरी ह्याला देव समजलंय! देवाची जागा म्हणून झाडतंय!"

"पण कोण?" ऋग्वेद म्हणाला.

ते मात्र कुणालाच सांगता येईना. गावात भाविक काय थोडे होते! बेत खुशीनेच काढला. तिन्ही चौकोनांचे दगड आणि नाडे उचलायचे, लांबच्या जुन्या मोहाच्या झाडाखाली मांडायचे. खऱ्या चौकोनांना इलाने फक्त स्वतःला ओळखू येतील अशा काड्या खोचायच्या. माणूस नव्या जागी जाईल, पाला जुन्या जागी वाचेल!

"मोहाच्या बुंध्याशी मुंगळ्यांचं वारूळ आहे हां," मिहिर डोळे मिचकावत म्हणाला.

"असू दे," कुंताबाई म्हणाल्या. "देवापाशी कोनीतरी राखन्या पायजेच."

शनिवारी सकाळी उन्हं झाडांच्या शेंड्यांवर आली, तेव्हा रायमुनियाच्या झुडपामागे तीन पोरं आणि एक आजी उकिडवी बसली होती. इला पिशव्या घेऊन मागून येणार होती. कुंताबाईंचे गुडघे कुरकुरत होते. करमणूक म्हणून त्या समोरून जाणारी मुंग्यांची रांग पाहत होत्या. बराच वेळ पाहत होत्या.

पाला वाजला. सगळे झुडपाला आणखी चिकटले.

आधी दिसला खराटा. कुंताबाईंचाच खराटा! मुठीला त्यांनीच गुंडाळलेली हिरवी चिंधी! मग दिसलं पांढरंशुभ्र धोतर, ओले केस, हातात डबा. माणसाने चपला काढल्या, वाकून नीट जोडून ठेवल्या, आणि वर तोंड केलं.

बापूराव!

कुंताबाईंचं तोंड उघडलं. खुशीने पटकन त्यावर हात ठेवला. त्या तोंडावर आजवर कुणाची हात ठेवायची छाती झाली नव्हती. पण कुंताबाईंनी तो ठेवू दिला. राग तरी कुठला आणायचा, तेच समजत नव्हतं. 'अंधश्रद्धा' म्हणणारे हे, आणि इथे अनवाणी?

बापूराव झाडलेल्या जागेपाशी आले. दगड नाहीत! इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मोहाखाली केशरी रंग दिसला आणि त्यांनी डबा छातीशी धरला.

"जागा बदलली! स्वतःहून! जागृत आहे, जागृत!"

"बोंबला! हे तर उलटंच झालं!" मिहिर पुटपुटला.

बापूराव धावले. गुडघे टेकले. कणिक-साखर उधळली आणि जोरजोरात झाडू लागले. खराट्याचा दुसराच फटका वारुळाला लागला!

मुंगळे म्हणजे काही मुंग्या नव्हेत. ते रांगेत येत नाहीत, फौजेने येतात.

"आई गं! अरे बापा! अरे देवा!" बापूराव उठले, एका पायावर नाचले, मग दुसऱ्या. धोतर झटकत, हात उडवत, गरागरा फिरू लागले. नेमक्या त्याच वेळी नाल्याकडून माणसं वर आली. पुढे गावातले वजनदार बंडूजी, मागे चार-पाच जण. हातांत दाताळी, फावडी, आगपेट्या.

"थांबा रे!" बंडूजींनी हात वर केला. "बापूरावच्या अंगात आलं!"

सगळ्यांनी हात जोडले. झुडपामागे कुंताबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"बापूरावजी म्हनले ते खरं निघालं. स्वयंभू जागा हाय!" बंडूजी म्हणाले. "चाला, खालून वरपर्यंत सारा उतार साफ करा. पाला ओढा, पेटवून द्या. आजच्या आज चौथऱ्याची जागा करू!"

माणसं पांगली. दोघं सरळ इलाच्या उरलेल्या चौकोनांकडेच निघाले! एकाने तर पाल्यात दाताळं रोवलंही!

"आता काय करायचं?" ऋग्वेद रडवेला झाला.

खुशी झुडपातून बाहेर उडालीच. "थांबा! बंडूजी, आधी मला एक सांगा! देव परवा कुठे होता?"

बंडूजी चकित झाले. "ही कोनाची? कुंताबाईची काय? होता... तिथं होता. बापूरावजीनं दाखवला होता."

"आणि ती जागा आता कशी आहे?"

"झाडलेली. लख्ख!"

"आणि आज तो कुठे आहे?"

"मोहाखाली. पाल्यात."

"झाडलेली जागा सोडून तो पाल्यात का आला असेल? तुम्हीच विचार करा! आणि आता तुम्ही हाही पाला जाळणार?"

दाताळं रोवणाऱ्याने ते हळूच उपसलं, जणू कुणाच्या पायावर पडलं होतं. "ते बी खरं हाय बावा," तो म्हणाला. "त्याले पालाच आवडत असंन त?"

खुशी एक अक्षर खोटं बोलली नव्हती. झुडपामागे कुंताबाईंची छाती अशी फुगली, की चोळीची गाठ तटतटली.

तेवढ्यात इला पिशव्या घेऊन धापा टाकत आली. फावडी पाहून तिचा चेहरा उतरला. चौकोन शाबूत पाहून उजळला. मग नाचणारे आजोबा आणि हात जोडलेली माणसं तिला दिसली, आणि तिला खोटं सोसवेना.

"काका, ते दगड माझे आहेत. रंग मी दिलाय. काल आम्हीच ते इथे आणून ठेवले."

बंडूजींनी एका दगडावर नख घासलं, वास घेतला.

"पेंट!" ते म्हणाले, आणि एवढ्या मोठ्याने हसले, की सातभाई खरोखरच पाला उधळत उडाले. मग बाकीचे हसले. बापूराव धोतराचा सोगा धरून उभे होते. मानेवर एक मुंगळा होता.

"मी... मी केवळ स्थळपाहणी करत होतो," ते म्हणाले.

"कनिक-साखर घेऊन?" कुंताबाई झुडपातून बाहेर आल्या आणि खराटा त्यांच्या हातून काढून घेतला. "खरं सांगा बापूराव!"

बापूरावांनी मान खाली घातली. "फिरायला आलो होतो, वहिनी. शेंदूर दिसला. आयुष्यभर देव नाही म्हटलं, आणि तो मलाच दिसला. दुसऱ्या कुणाला नाही! बरं वाटलं. मग म्हटलं, उद्या मंदिर झालं तर अध्यक्ष कुणीतरी लागेलच..."

एवढं मात्र ते खरं बोलले, म्हणून कुंताबाईंनी त्यांच्या मानेवरचा मुंगळा काढून दिला.

इलाने पाल्याची एक ओंजळ चाळणीत घेतली आणि सगळ्यांपुढे हलवली. खाली कापडावर सांडली ती एक जत्राच! पान कुरतडणारे, कुरतडलेलं चघळणारे, चघळणाऱ्यांना धरून खाणारे, आणि ह्या सगळ्यांमधून माती वरखाली करणाऱ्या कितीतरी तऱ्हांच्या मुंग्या.

"पानाची माती हे करतात," ती म्हणाली. "पाला जाळला, की हे सगळे गेले. मग पाऊस आला, की नुसती उघडी जमीन धुऊन नाल्यात."

बंडूजींनी कापडावर वाकून एक मुंगी बोटावर चढू दिली. "आमी दरसाल हा उतार पेटवतो, बेटा. गवत चांगलं येते म्हनून. हे कोनी सांगितलंच नाई कधी."

"आता नाही ना पेटवणार?" ऋग्वेदने विचारलं.

"आता कसा पेटवंन? तोंडओळख झाली न!" ते म्हणाले आणि खुशीच्या डोक्यावर हात ठेवला. "कुंताबाई, हे तुमची नात वकील होते पाहा. आमाले आमच्याच तोंडानं हरवलं!"

"तिन्ही पोट्टे बारा गावचं पानी प्यालेले हायेत," कुंताबाई म्हणाल्या. इतकी तारीफ त्यांनी पोटच्या पोरांचीही केली नव्हती. मिहिर लाजला. ही गोष्टही पहिल्यांदाच घडली.

माणसं हसत खाली उतरली. इलाने दोन्ही चौकोनांतला पाला पिशव्यांत भरला, तोंडं बांधली, आणि वर पाहते, तर आजी काठीवर रेलून तिच्याकडेच बघत होती.

"ह्यो झाला शेवटचा पाला?"

"झाला, आजी. वर्ष वाचलं माझं! बापू आजोबांमुळे मात्र..."

"बापूरावचं नाव घेऊ नको. थो येडा हाय, ते गावाले ठाऊक हाय. पन चूक तुह्यी हाय." कुंताबाईंनी काठी जमिनीवर आपटली. "जंगलात केशरी दगड मांडले, नाडा बांधला, आन् सबंध वर्ष कोनाले एका शब्दानं सांगितलं नाई. घरात नाई, गावात नाई. आता त्या झुडपामागं बसून मी मुंग्या पाह्यल्या. एक इकडून येते, एक तिकडून. समोरासमोर आल्या की थांबतात, मिशीले मिशी लावतात, खबर देतात, मंगच पुढं जातात. एकबी मुंगी बिनबोलता गेली नाई! हुशार हायेस तू, इला. आपल्या घरान्यात तुह्याएवढी हुशार कोनी झाली नाई. पन मुंगीच्या मानानं अजून कच्ची हायेस!"